तसबिरीखालचे नाव

छायाचित्र ही आता घरोघरची वस्तू झाली आहे. भिंतीवर आजोबांची तसबीर नाही असे मराठी घर विरळाच. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर गावाहून आणलेली ती तसबीर म्हणजे घराण्याची सनदच वाटते. परंतु या देशात असेही समाज आहेत की, ज्यांची छायाचित्रे विपुल निघाली आणि तसबीर मात्र क्वचितच एखाद्याची झाली. या विसंगतीचा इतिहास आपल्या महाकोशलाशी निगडित असल्यामुळे स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचा थोडक्यात परामर्श घेणे अप्रस्तुत ठरू नये.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाली आणि सुमारे पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते. सधन मंडळी हौसेने कॅमेऱ्यासमोर बसू लागली. सत्तावनच्या उठावानंतर मात्र राज्यकर्त्यांना प्रजेची ओळख पटवून घेण्याची निकड भासली. तिच्यातून ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून प्रसिद्ध झाला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. पण बहुतेकांच्या खाली जमातीचे नाव आढळते, माणसाचे नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या संग्रहात पाने डकवावीत, तशी ही माणसे तेथे डकवलेली आहेत.

अशा चित्रणाचा परिणाम काय होतो, याचा एक बोलका दाखला आहे. १८६९ मध्ये सर सय्यद अहमद खान लंडनला गेले असता इंडिया ऑफिसात हा ग्रंथ त्यांच्या पाहण्यात आला. त्यांचे चिरंजीव तो चाळीत असताना एका तरुण इंग्रजाने विचारले, “आपण हिंदुस्थानी काय?” मुलाने शरमून होकार दिला आणि लगेच पुस्ती जोडली की, आपण येथील आदिवासींपैकी नव्हे, आपले पूर्वज परमुलुखातून आलेले. परक्याच्या नजरेने आलेली लाज त्याने अशी आपल्याहून दुबळ्यांकडे सरकवून दिली. वस्तुतः त्या चित्रांतील माणसांना कोणी काही विचारलेच नव्हते.

हीच दृष्टी पुढे आपल्या प्रांतातही दिसते. रसेल आणि कटनीचे विद्वान रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो, त्याची योग्यता मोठीच आहे. त्यातही ‘टोपल्या करणारे बसोर’, ‘दिवाळीच्या नाचासाठी कवड्यांनी सजलेले अहीर’ अशाच ओळी चित्रांखाली आढळतात. हातांतले काम दिसते, पण ते करणारा कोण, हे कळत नाही. ज्या गोंडांच्या पूर्वजांनी गढ्याचे राज्य केले, त्यांचीही गत वेगळी नाही.

या वाटेला वेगळे वळण लागले त्यात एका मराठी माणसाचा वाटा आहे, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट होय. शामराव हिवाळे हे पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून व्हेरियर एल्विन यांच्यासह १९३२ मध्ये तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील करंजिया गावी आले आणि गोंडांमध्येच राहिले. एल्विन यांनी कॅमेरा वापरला तो शेजारी म्हणून. हिवाळे यांनी १९४६ मध्ये परधानांवर ग्रंथ लिहिला. परधान हे गोंडांचे भाट. ‘बाना’ वाजवून यजमानाच्या पूर्वजांची कीर्ती गाणे हा त्यांचा धर्म. कागदावर ज्यांना नाव मिळाले नाही, त्यांचे नाव या मंडळींनी कंठात जपले होते! पुढे एल्विन आणि हिवाळे ज्या पाटणगढला राहिले, त्याच गावचा परधान तरुण जनगढ सिंह श्याम १९८० नंतर भोपाळच्या भारत भवनात पोचला आणि आपल्या चित्रांमुळे देशोदेशी ओळखला गेला. इतरांनी ज्यांचे चित्र काढावे, त्यांच्यापैकी एक जण स्वतःच चित्रकार म्हणून नावारूपाला आला.

अलीकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे वर्षानुवर्षे घेतली. त्यांचा ग्रंथ २०१३ मध्ये निघाला आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांच्याकडे पाहणे शहर टाळीत होते, त्यांना त्या चित्रांनी समोर आणून उभे केले. छायाचित्राने माणूस दिसतो हे खरे. परंतु दिसणे म्हणजे ओळखले जाणे नव्हे. त्यासाठी घेणाऱ्याचा सहवास हवा, देणाऱ्याची संमती हवी आणि खाली नाव हवे.

आपला खमरियाचा कारखाना १९४२ मध्ये महायुद्धाच्या धामधुमीत उभा राहिला. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या शासकीय कंपनीकडे आहे. अशा वसाहतींतील जुने ग्रुप फोटो पाहावेत. खुर्च्यांवरील साहेबमंडळींची नावे डावीकडून उजवीकडे क्रमवार छापलेली असतात. मागे उभे असलेले हमाल, सफाईवाले, माळी मात्र ‘इतर कर्मचारी’ या दोन शब्दांत सामावून जातात. त्यांतील कित्येक याच मातीतले आहेत. पाहुणे आलो ते आपण.

मंडळाची पन्नास वर्षे ज्यांच्या श्रमांवर उभी आहेत, त्यांत सतरंज्या घालणारे, गणपतीचा मांडव बांधणारे आणि प्रसादाची भांडी घासणारे हातही आहेत. मंडळाच्या संग्रहातील फोटोंत ते जेथे जेथे दिसतील, तेथे जाणत्यांना विचारून त्यांची नावे आताच लिहून ठेवावीत, एवढीच नम्र सूचना. सांगू शकणारी मंडळी अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.