आउटबोर्ड इंजिनाच्या वंगणाचा इतिहास

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवल्या जाणाऱ्या आउटबोर्ड इंजिनाचा इतिहास बहुधा वाढत्या वेगाच्या आणि अश्वशक्तीच्या आकड्यांतून सांगितला जातो. प्रत्यक्षात या यंत्राची घडण, त्याचे दोष आणि पुढे त्याच्या एका मोठ्या शाखेचा अस्तही ठरवला तो वंगण तेलाने, म्हणजे ते तेल जळून बाहेर जाणार की यंत्रातच राहणार या प्रश्नाने.

मूळच्या नॉर्वेच्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे विक्रीस आणलेले इंजिन दीड अश्वशक्तीचे, सुमारे २८ किलो वजनाचे आणि टू-स्ट्रोक पद्धतीचे होते. या पद्धतीत पिस्टनखालची बंद पेटी, म्हणजेच क्रँककेस, हवा आणि पेट्रोल आत ओढून सिलिंडरमध्ये ढकलण्याचे काम करते. त्यामुळे तिच्यात तेल साठवता येत नाही आणि ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. असे तेल बेअरिंगांना आणि पिस्टनला ओलावा देत पुढे सरकते, इंधनाबरोबर जळते आणि न जळालेला अंश धुरासह पाण्यात सोडला जातो.

विसाव्या शतकाच्या मध्यास चोवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल हे प्रमाण सर्रास वापरले जाई, आणि ते सांभाळण्याची सारी भिस्त होडीवाल्याच्या हातावर होती. तेल आधी थोड्या पेट्रोलमध्ये घालून डबा चांगला हलवायचा आणि मगच उरलेले पेट्रोल ओतायचे, हा क्रम चुकला तर जड तेल तळाशी बसे. मग इंजिन कधी निळा धूर ओके आणि प्लग काळे करी, तर कधी तेलावाचून पिस्टन सिलिंडरला घासून जागीच जाम होई. मोटारीचे तेल वापरणाऱ्यांना आणखी एक त्रास होता, कारण त्यातील धातुयुक्त रसायनांची जळून राख होई आणि ती प्लगच्या फटीत साचून ठिणगी बंद पाडी. पाण्याने थंड राहणाऱ्या इंजिनासाठी टीसी-डब्ल्यू या नावाचे राखरहित तेल प्रमाणित झाले ते या अनुभवातूनच, आणि सुधारलेल्या तेलामुळे व बेअरिंगांमुळे पुढे पन्नासास एक हे प्रमाण रूढ झाले.

१९८०च्या दशकात तेलाची वेगळी टाकी आणि गतीनुसार तेल सोडणारा पंप आला, तेव्हा मोजमापाचे ओझे उतरले खरे, पण बिघाड डोळ्यांआड गेला: नळीत हवा अडकली किंवा पंप थकला तरी इंजिन काही काळ सुरळीत चाले आणि धोक्याचा भोंगा वाजला नाही तर नुकसान झाल्यावरच कळे. म्हणून अनेकांनी पंप काढून टाकून पुन्हा हाताने मिश्रण करणे पत्करले. या निर्णयाला जुनाट हट्ट म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण डब्यातले मिश्रण निदान दिसत तरी होते.

साध्या टू-स्ट्रोक इंजिनातून इंधनाचा सुमारे पाव हिस्सा न जळताच बाहेर पडतो, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९६ मध्ये केलेल्या नियमांनी नेमक्या याच दोषावर बोट ठेवले. होंडाने १९६४ पासूनच फोर-स्ट्रोक आउटबोर्ड बनवायला घेतले होते. नव्या नियमांनंतर ती पद्धत मोठ्या प्रमाणावर पसरली आणि, तीत क्रँककेसला इंधन ढकलावे लागत नसल्याने, तेल इंजिनाच्या तळाशी कायम राहू लागले. त्याबरोबर दोषही बदलले. थंड पाण्यात फार वेळ संथ चाललेल्या इंजिनात न जळालेले पेट्रोल पिस्टनच्या कडांवरून खाली उतरते, तेलात मिसळते आणि मोजपट्टीवरची पातळी घटण्याऐवजी वाढते. तेलाला पेट्रोलचा वास येतो आणि त्याचे वंगणबळ ओसरते. नव्या इंजिनधारकाला वाढलेली पातळी शुभ वाटण्याचा संभव असल्याने या दोषाची ओळख अधिक महत्त्वाची ठरते.

सर्व पिढ्यांत एक भाग मात्र जवळपास तसाच राहिला, तो पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या गिअरपेटीचा. तिचे तेल खालचा स्क्रू काढून सोडतात आणि नवे तेल त्याच छिद्रातून वर चढवतात, म्हणजे आतली हवा वरच्या छिद्रातून निघून जाते. सोडलेले तेल दुधाळ दिसले तर सीलमधून पाणी शिरले असे समजावे.

थेट इंधन फवारणी करणारी सुधारित टू-स्ट्रोक इंजिने काही काळ टिकली, पण एव्हिनरूड नावाच्या इंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. केरळ आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या होड्यांवर मात्र पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी टू-स्ट्रोक इंजिने पुढेही राबत राहिली, आणि तेथे इंधनात तेल हातानेच मिसळले जाई.