तपकिरी स्लॉट

आपल्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबबाहेर लागणारी चपलांची रांग तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. १९९३-९४ साल, आपली आठवी, एका मशीनवर तिघं. पडद्यावरच्या त्या हिरव्या अक्षरांकडे बघत मी एकदा विचारलं होतं, "बाई, यात मराठी का येत नाही?" बाई म्हणाल्या, "येतं, पण त्याला वेगळं कार्ड लागतं." तोवर कार्ड म्हणजे मला फक्त रेशनचं ठाऊक होतं.

बाईंच्या मनात जिस्ट कार्ड असणार. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या मदरबोर्डवर पडद्यासाठी सर्किटच नव्हतं. पाच स्लॉट होते आणि पडद्याचं कार्ड त्यातल्या एकात बसवावं लागे. अक्षरं ८० रकाने आणि २५ ओळींत, प्रत्येकाला सारखीच चौकट. इंग्रजीचं त्यात भागतं. आपल्या 'कि'मधली वेलांटी मात्र उच्चारात नंतर आणि दिसायला आधी, आणि 'स्त्री'त तर तीन व्यंजनं एकमेकांना चिकटलेली. यावर आधी आयआयटी कानपूरला काम झालं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते काम इथे आलं. जिस्ट कार्ड रिकाम्या स्लॉटमध्ये खोचलं, की मराठीचा गंधही नसलेले डीबेससारखे डॉसवरचे प्रोग्रॅम देवनागरी दाखवू लागत. प्रोग्रॅमला ते नुसते आकडे वाटत, कोणता आकार कुठे काढायचा ते कार्ड बघे. ज्यांनी पीसी बनवला त्यांच्या डोक्यात मराठी नव्हती, पण त्यांनी स्लॉट मोकळे सोडले होते. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण पुढे आमच्याच घरात नेमका तो मोकळा स्लॉट नव्हता.

१९९७ पासून चित्रांच्या कार्डासाठी एजीपी नावाचा खास स्लॉट मदरबोर्डवर येऊ लागला. पीसीआयच्या सगळ्या स्लॉटना मिळून सेकंदाला १३३ मेगाबाइटची वाट होती, तर एजीपीला सुरुवातीलाच २६६ची, तीही एकट्याला. मग १९९९ साली इंटेलने ८१० हा चिपसेट काढला. चित्राचं सर्किट चिपसेटमध्येच, त्याला लागणारी मेमरी कॉम्प्युटरच्या रॅममधूनच, आणि बाहेरून कार्ड लावायला एजीपी स्लॉट नाही. मशीन स्वस्त झालं आणि घराघरात पोचलं, हेही खरंच.

२०००च्या दिवाळीत आमच्याकडे असंच एक आलं. अप्पांनी कंपनीतली टूलरूमची नोकरी सोडून भोसरी एमआयडीसीत भागीदारीत छोटं वर्कशॉप टाकलं होतं. डाय आणि फिक्श्चरची कामं. गिऱ्हाइकं कागदी ड्रॉइंगऐवजी थ्री-डी मॉडेल पाठवू लागली होती, म्हणून पतसंस्थेचं कर्ज काढून ३५,००० रुपयांचं मशीन घेतलं. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे घरातली तज्ज्ञ. विक्रेता म्हणाला, "काका, व्हिडिओ ऑनबोर्ड आहे, वेगळं कार्ड कशाला?" मी मान डोलावली. ऑनबोर्ड आणि एजीपी स्लॉट दोन्ही देणारा ८१५ चिपसेट त्याच वर्षी आला होता, हे मला नंतर कळलं.

टू-डी ड्रॉइंग छान चालायचं. मॉडेल फिरवायला घेतलं, की माऊस सोडून चहा पिऊन यावं. मी कॅबिनेट उघडलं. आत पांढऱ्या पीसीआय स्लॉटच्या शेजारी एक तपकिरी स्लॉट दिसला. एजीपी तपकिरी असतो एवढं वाचलेलं होतं. पीएमटीने पुण्याला गेले आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून एजीपी कार्ड घेऊन आले. (गल्लीच्या नावात आणि स्लॉटच्या रंगात मला शुभशकुन दिसला होता!) घरी बसवायला गेले तर कार्ड स्लॉटच्या दुप्पट लांब. तो स्लॉट एएमआरचा होता, मोडेम-साउंडसाठीचा. बिलावर छापलेलंच होतं, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'.

अप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी कार्ड आणि स्लॉट दोन्ही व्हर्नियरने मोजले, वहीत लिहून ठेवले आणि म्हणाले, "मोजून आणायचं, बाळा." पीसीआयमध्ये बसणारं कार्ड मिळेपर्यंत ज्या कामासाठी हा खटाटोप होता, ते काम दुसऱ्या वर्कशॉपकडे गेलं होतं. कर्जाचे हप्ते पुढची दोन वर्षं चालू राहिले.

२००४ पासून एजीपीची जागा पीसीआय एक्स्प्रेस घेऊ लागला. वर्कशॉपमध्ये नवं मशीन आलं आणि जुनं घरी आईकडे गेलं. त्यावर मी विंडोज एक्सपी घातलं, सीडीवरून भारतीय भाषांची सोय चालू केली आणि मंगल फॉन्टमध्ये मराठी उमटलं. ना कार्ड, ना स्लॉट. आईने सगळ्यात आधी बचत गटाची यादी टाइप केली. तिच्यात 'स्त्री' हा शब्द होता आणि तो धड दिसत होता.

ते एजीपी कार्ड अजून डब्यात आहे. स्नेहसंमेलनाला घेऊन येते, कुणाकडे बसत असेल तर सांगा.