आंबेडकर, डॉ. भीमराव रामजी : राज्यसभेतील कारकीर्द (१९५२–१९५६)

आंबेडकर, डॉ. भीमराव रामजी (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६). राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री आणि एप्रिल १९५२ पासून अखेरपर्यंत मुंबई राज्यातून निवडून आलेले राज्यसभा सदस्य. त्यांचे घटनाकार्य आणि १९५६ चे धर्मांतर यांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने दिल्लीतील वरिष्ठ सभागृहात विरोधी बाकांवरून त्यांनी केलेले काम दुर्लक्षित राहिले. आपण घडवलेली घटना प्रत्यक्ष कारभारात दुबळ्यांच्या किती उपयोगी पडते, हे त्यांनी या साडेचार वर्षांत पारखून पाहिले. म्हणूनच या कारकिर्दीचे महत्त्व मोठे आहे.

पूर्वपीठिका : आंबेडकरांचा कायदेमंडळाचा अनुभव मुंबईत सुरू झाला. मुंबई विधिमंडळावर नियुक्त सदस्य म्हणून १९२८ मध्ये त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले आणि गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला जोरदार पाठिंबा दिला. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी त्यांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक आणले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. हिंदू संहिता विधेयक रखडल्यामुळे व अन्य मतभेदांमुळे २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याचे निवेदन १० ऑक्टोबरला हंगामी संसदेत वाचू न दिल्याने ते सभागृहाबाहेर पडले. वर्षाला सुमारे ३५० कोटी रुपयांच्या महसुलातून १८० कोटी लष्करावर जातात, ही परराष्ट्र धोरणावरची त्यांची तक्रार त्या निवेदनात होती. पुढे राज्यसभेतही त्यांनी हा मुद्दा सोडला नाही.

निवडणूक : पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षातर्फे ते उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर उभे होते; काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. राज्यसभेची निवडणूक आमदारांच्या मतांनी होते आणि मुंबई विधानसभेत फेडरेशनचे बळ अगदी तुटपुंजे होते. तरीही आंबेडकर निवडून आले. ३ एप्रिल १९५२ पासून त्यांची मुदत सुरू झाली. त्या वेळी सभागृहाचे नाव ‘कौन्सिल ऑफ स्टेट्स’ होते. ‘राज्यसभा’ हे नाव २३ ऑगस्ट १९५४ रोजी जाहीर झाले. मे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत भाऊराव बोरकर यांच्याकडून ते हरले. एप्रिल १९५६ मध्ये पहिली मुदत संपताच ते राज्यसभेवर पुन्हा निवडून आले. या काळात त्यांचा मुक्काम सिव्हिल लाइन्समधील २६, अलीपूर रोड या घरात होता.

आंध्र राज्य विधेयक : २ सप्टेंबर १९५३ रोजी या विधेयकावरील चर्चेत त्यांनी भाषावार राज्यांमधील अल्पसंख्याकांचा प्रश्न मांडला. नव्या राज्यात एखादीच प्रबळ जात सत्तेवर बसली, तर गावोगावच्या दलितांनी दाद मागायची कोणाकडे, हा त्यांचा सवाल होता. अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी राज्यपालांना विशेष अधिकार द्यावेत, असा त्यांचा उपाय होता. राज्यघटना तुम्हीच केली, असे सदस्यांनी सुनावल्यावर, ती जाळणारा पहिला माणूस मी असेन, असे ते संतापून म्हणाले. हे वाक्य आजही संदर्भ तोडून फिरवले जाते. त्यामागची मागणी मात्र संरक्षणाची होती, आणि तिच्यासह वाचले तरच ते वाक्य कळते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये आंध्र प्रदेश आणि तत्कालीन मुंबई राज्याच्या राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकण्याची सोय झाली. विदर्भ व मराठवाड्याच्या विकास मंडळांचा घटनात्मक आधार हाच होय. मात्र ती तरतूद प्रदेशांपुरती राहिली. आंबेडकरांना हवे असलेले जातीय अल्पसंख्याकांचे संरक्षण तिच्यात आले नाही.

चौथी घटनादुरुस्ती : १९ मार्च १९५५ रोजी मालमत्तेच्या हक्काविषयीच्या या विधेयकावर ते बोलत असताना डॉ. अनुप सिंग यांनी घटना जाळण्याच्या उद्गाराची आठवण करून दिली. आंबेडकरांनी तेथेच खुलासा केला : देवासाठी देऊळ बांधले, पण देवाची स्थापना होण्याआधीच त्यात असुर शिरला, तर देऊळ पाडण्यावाचून गत्यंतर काय? देऊळ पाडण्यापेक्षा असुरालाच का मारू नये, असा प्रश्न समोरून लगेच आला. त्यावर देवासुरसंग्रामाच्या वैदिक कथांचा दाखला देत त्यांनी वाद पुढे नेला. मूळ विषयावर तर ते अधिकच स्पष्ट बोलले. भरपाईसंबंधीचा अनुच्छेद ३१ हा नेहरू, पटेल आणि पंत यांच्यातील तडजोडीतून आला, मसुदा समिती त्याची जबाबदारी घेत नाही, आणि तो इतका कुरूप आहे की त्याच्याकडे पाहवत नाही, असे त्यांनी सांगितले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने हा अनुच्छेद घटनेतून वगळला गेला.

अस्पृश्यता व जमीन : ६ सप्टेंबर १९५४ रोजी अनुसूचित जाती-जमाती आयुक्तांच्या अहवालावर बोलताना त्यांनी भूमिहीन दलितांच्या वसाहतींचा प्रश्न घेतला. पडीक जमीन त्यांना द्यावी आणि त्यासाठी पैसा मिठावरील कराचे पुनरुज्जीवन करून उभारावा, अशी त्यांची सूचना होती. हा कर रद्द झाला तेव्हा त्याचे उत्पन्न सुमारे दहा कोटी रुपये होते. त्याचा बोजा माणशी नगण्य असल्याने तो पुन्हा बसवावा आणि ती रक्कम गांधीजींच्या नावाच्या विश्वस्त निधीत ठेवावी, असे त्यांनी सुचवले. सरकारने ही सूचना स्वीकारली नाही.

दहा दिवसांनी अस्पृश्यता (अपराध) विधेयक चर्चेला आले. विधेयकाचे नावच चुकले आहे, असे आंबेडकरांनी सांगितले. प्रश्न नागरी हक्कांचा आहे, म्हणून कायद्याच्या नावात नागरी हक्कांचे संरक्षण दिसले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. गावाने टाकलेला सामाजिक बहिष्कार हे दलिताविरुद्धचे सर्वांत धारदार हत्यार आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. किराणा, मजुरी आणि पाणी एकाच वेळी तुटले की हक्क मागणारा माणूस आठवडाभरही तग धरू शकत नाही, हे त्यामागचे वास्तव होते. १ जून १९५५ पासून कायदा जुन्याच नावाने अमलात आला. १९७६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव बदलून ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५’ असे झाले. त्याच दुरुस्तीने शिक्षा वाढल्या आणि आपसात तडजोड करून खटला मिटवण्याची मुभाही गेली.

परराष्ट्र धोरण : २६ ऑगस्ट १९५४ रोजीच्या भाषणात त्यांनी चीनशी संबंधांत पंचशील तत्त्वांवर विसंबण्यास विरोध केला. चीनचे नेते माओ यांचा पंचशीलावर विश्वास असता, तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असे ते म्हणाले. तिबेटवरील चीनचा ताबा मान्य केल्याने चीनची सीमा भारताला येऊन भिडेल, असा इशारा त्यांनी दिला. आठ वर्षांनी चीनशी युद्ध झाले. गोव्याबाबत सुरुवातीलाच छोटी पोलिस कारवाई पुरेशी ठरली असती, असे त्यांचे मत होते.

अखेरचा काळ : १९५५ पासून प्रकृती ढासळत गेली. राज्य पुनर्रचनेवरील संसदीय चर्चेत आजारपणामुळे भाग घेता आला नाही, म्हणून त्यांनी ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ ही पुस्तिका लिहिली. तिच्या प्रस्तावनेवर २३ डिसेंबर १९५५ ही तारीख आणि अलीपूर रोडचा पत्ता आहे. उत्तर प्रदेशाची तीन, तर बिहार व मध्य प्रदेशाची प्रत्येकी दोन राज्ये करावीत, असे तिच्यात सुचवले आहे. पुढे बिहारमधून झारखंड आणि मध्य प्रदेशातून छत्तीसगड २००० मध्ये अस्तित्वात आले. मराठी मुलखासाठी त्यांनी मुंबई शहर धरून चार राज्ये सुचवली, पण महाराष्ट्राने १९६० मध्ये एकत्र राज्याची वाट धरली. ६ डिसेंबर १९५६ रोजी राज्यसभेचे सदस्य असतानाच अलीपूर रोडच्या घरी त्यांचे निधन झाले. तेथे १३ एप्रिल २०१८ पासून डॉ. आंबेडकर राष्ट्रीय स्मारक आहे.

मूल्यमापन : आंबेडकर या काळात सत्तेबाहेर होते. पाठीशी बहुमत नव्हते, मोठा पक्षही नव्हता. त्यामुळे मंजूर विधेयकांच्या मोजणीत ही कारकीर्द दिसत नाही. तिचे वजन भाषणांत आहे. घटनाकाराच्या प्रतिष्ठेआड न लपता त्यांनी घटनेतील उणिवा उघड सांगितल्या आणि प्रत्येक टीकेसोबत पर्यायही ठेवला. संसदेतील विरोधकाचे काम काय असते, याचा भारतीय लोकशाहीच्या आरंभकाळातील हा श्रेष्ठ नमुना आहे. १९५४ चे अस्पृश्यता विधेयकावरील भाषण आणि १९७६ चा सुधारित कायदा शेजारी ठेवून वाचले, की सभागृहात एकट्याने मांडलेला मुद्दाही वाया जात नाही याची खात्री पटते. संसदीय कामकाजाच्या अभ्यासकाने बाबासाहेबांच्या अभ्यासाची सुरुवात येथूनही करावी.