कौलांचा कौल

ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडून भिवंडीकडे निघाले, की काल्हेरच्या पुढे पूर्णा गाव लागते. एके काळची भातखाचरे जाऊन आता तेथे गोदामे उभी आहेत आणि कौलारू घरांच्या शेजारी मजल्यावर मजला चढतो आहे. दिवाळीचा आकाशकंदील कोणाच्या सज्जात लागला आहे, हे पाहायला मान मागे टाकावी लागते. अशा वेळी मनात येते, की शेजाऱ्याने किती उंच चढावे हे ठरविताना कौलाखाली राहणाऱ्याचा कौल कोणी कधी घेतला आहे काय?

प्रश्न आजचा नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि अंधाऱ्या, कोंदट चाळींकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टचे एक अध्यक्ष ऑर साहेब यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम लावून धरला; १९१२ साली त्यावर व्याख्यानही दिले. नियम मोठा गमतीचा, पण समजायला सोपा. तळमजल्याच्या खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढा. ती साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक चढी असता कामा नये. म्हणजे समोरची भिंत चाळीस फूट उंच, तर मधली मोकळी जागा निदान वीस फूट हवी. इमारतीची उंची वरून न मोजता खालच्या बिऱ्हाडातून मोजावी, ही त्यातली खरी शहाणपणाची गोष्ट. घरमालकांनी अर्थातच कुरकुर केली, कारण प्रत्येक अंशामागे भाडे बुडत होते. त्यांची कुरकुर ऐकू तरी गेली. खालच्या बिऱ्हाडकरूंना मात्र कोणी विचारले नाही. त्या काळी नगरपालिकेतले मत हे घरपट्टी भरणाऱ्या मोजक्यांचेच होते.

पुढे स्वराज्य आले, मत सर्वांना मिळाले. १९६४ साली मुंबईत चटईक्षेत्राचा हिशेब आला, आणि १९६६ साली महाराष्ट्राचा नगररचना कायदा झाला. या कायद्याने नागरिकाला एक हक्क दिला : आराखडा प्रसिद्ध झाला, की ठराविक मुदतीत हरकती व सूचना द्याव्यात. हरकत ऐकून घेतली जाते, शेवटची मंजुरी सरकारची. हरकत म्हणजे मत नव्हे. अर्जावर पोच मिळते, एवढेच.

पण महाराष्ट्राला मतदानाने असे प्रश्न सोडविणे ठाऊकच नाही, असे म्हणता यायचे नाही. गावातले दारूचे दुकान बंद करायचे, तर बायका 'आडव्या बाटली'ला मत देऊन ते बंद करू शकतात. आणि २१ सप्टेंबर २००८ या दिवशी तर रायगडच्या पेण तालुक्यात बावीस गावांच्या शेतकऱ्यांना सरकारने स्वतः विचारले, की महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन देणार काय? हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली ही गावे. पाणी शेताला मिळणार म्हणून वाट पाहिली, आणि पाण्याऐवजी भूसंपादनाच्या नोटिसा आल्या. एन. डी. पाटलांसारखे म्हातारे योद्धे त्यांच्यामागे उभे होते. हजारो शेतकऱ्यांनी रांगा लावून मत नोंदविले. त्या मताला कायद्याचे बळ नव्हते, तरी पुढे ते भूसंपादन बारगळलेच. माझ्या मते आपल्याकडच्या लोकशाहीच्या इतिहासात या दिवसाला जितकी जागा मिळायला हवी होती, तितकी मिळाली नाही.

उंचीवरच थेट मत घेतल्याचे उदाहरण मात्र दूर जर्मनीत सापडते. म्युनिक शहरात नागरिकांनी मागणी लावून धरली, आणि २१ नोव्हेंबर २००४ रोजी कौल घेतला गेला, की जुन्या फ्राउएनकिर्शे चर्चच्या मनोऱ्यांहून, म्हणजे सुमारे शंभर मीटरांहून, उंच काही बांधू नये. शेकडा ५०.८ लोकांनी होकार दिला. अगदी काठावरचा विजय! कायद्याने तो एक वर्षच बंधनकारक होता. नगरसभेने तो पुढे बरीच वर्षे पाळला.

म्युनिकला प्रश्न मनोऱ्याच्या शोभेचा होता. भिवंडीला तो तसा नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे, पेणच्या मतदानाला बरोबर बारा वर्षे झाली त्याच तारखेला, पटेल कंपाउंडमधली तीन मजली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. चाळिसांच्या आसपास जीव गेले. २९ एप्रिल २०२३ रोजी पूर्णेच्या शेजारच्या वळ गावात खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडे असलेली इमारत पडली, आठ माणसे गेली. दोन्ही ठिकाणी शंभर मीटर सोडाच, तीन मजल्यांचाच प्रश्न होता.

भिवंडीभोवतालच्या साठ गावांचे नियोजन २००७ पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. त्याचे कार्यालय वांद्र्याला. ग्रामसभा मात्र गावातच भरते, पूर्णेतही भरते. त्या सभेला हात वर करून मत देता येते. समोरच्या इमारतीवर आणखी एक मजला चढावा की नाही, हा विषय त्या सभेच्या अधिकारात नाही.