रूबीची अधिवेशने

संगणकाच्या विषयावर कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही आणि संगणकाला हुकूम कसे सोडावेत हेही आम्हांस येत नाही. परंतु सभा, मेळावे आणि अधिवेशने यांत आमचे आयुष्य गेले. सतरंज्या कोणी घालायच्या, पाहुण्यांना कोठे उतरवायचे आणि मांडव उतरल्यावर मागे काय उरते, एवढे आम्हांस कळते. त्या बाजूने हा इतिहास मांडावयाचा आहे.

संगणकाकडून काम करवून घेण्यासाठी माणसाने ज्या भाषा रचल्या, त्यांपैकी बहुतेक अमेरिकेत नाही तर युरोपात जन्मल्या. रूबी मात्र जपानची. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९३ च्या फेब्रुवारीत तिचे नाव ठरविले आणि १९९५ च्या डिसेंबरात ती सर्वांसाठी खुली केली. खुली म्हणजे नुसती फुकट नव्हे. तिची घडण कोणीही उघडून पाहावी, सुधारावी, दुसऱ्यास द्यावी, अशी मुभा. गिरणीमालकाने आपल्या मागाचा आराखडा फाटकावर चिकटवावा आणि ज्याला हवा त्याने तसा माग बांधावा, असा हा प्रकार. आमच्या पाहण्यातल्या एकाही मालकाने असे केले नाही!

आता मौज अशी की, भाषा जपानी, कर्ता जपानी, पण तिची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती २००१ साली अमेरिकेत, फ्लॉरिडातल्या टॅम्पा शहरी. पुढे २००४ मध्ये रूबी ऑन रेल्स नावाचे साधन निघाले, वेबसाइटी झपाट्याने उभ्या राहू लागल्या आणि रूबीचे नाव जगभर झाले. जपानी मंडळींची स्वतःची मोठी परिषद भरायला मात्र २००६ चा जून उजाडावा लागला. टोकियोच्या त्या परिषदेचे नाव रूबीकाइगी. काइगी म्हणजे त्यांच्या भाषेत बैठक.

कोणी विचारील, ही मंडळी दिवसभर इंटरनेटवर एकमेकांशी बोलतात, मग त्यांना परिषद कशाला? उत्तर सोपे आहे. वापरणारे हजारो असतात आणि दुरुस्ती करणारे थोडे. वापरणारा आपणहून दुरुस्ती करणारा होत नाही. चूक सापडली तरी मनात येते, 'आपण कोण सांगणारे?' तोच माणूस जेव्हा चहाच्या वेळी भाषेच्या कर्त्याशेजारी उभा राहतो, तेव्हा त्याची भीड मोडते. युनियनचा सभासद आणि युनियनचा कार्यकर्ता यांत जे अंतर असते, तेच हे अंतर, आणि ते पत्रकांनी कापले जात नाही. रूबीकाइगीत पुढे एक चांगला पायंडा पडला. भाषेच्या मूळ संहितेत फेरफार करण्याचा अधिकार ज्यांना आहे, ते सारे व्यासपीठावर ओळीने बसतात आणि सभागृह त्यांना प्रश्न विचारते. आमच्या ओळखीच्या कित्येक कार्यकारिणींनी हा प्रसंग जन्मभर टाळला.

टोकियोपुरते राहून भागणार नव्हते. २००८ च्या सुमारास प्रादेशिक काइगी सुरू झाल्या. साप्पोरो, मात्सुए अशा गावांत तिथल्याच मंडळींनी त्या भरविल्या. त्यांच्या नावापुढे ०१, ०२ असे आकडे घालीत. पहिल्याच सभेला 'एक' न म्हणता 'शून्य एक' म्हणायचे, यात पुढच्या अठ्ठ्याण्णव सभांची तजवीज आली. इकडे मुख्य परिषद वाढत गेली आणि तिचा भार घरची नोकरी सांभाळून राबणाऱ्या स्वयंसेवकांवर. २०११ च्या जुलैमध्ये, भूकंप आणि त्सुनामीला चार महिनेच झाले असताना, ती भरली ती 'शेवटची' असे जाहीर करून. २०१२ साल रिकामे गेले. बंद करण्याचा हा निर्णय आम्हांस धैर्याचा वाटतो. रडतखडत चालणारी अधिवेशने आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

२०१३ मध्ये ती नव्या घडणीने सुरू झाली. जपानी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत व्याख्याने आणि सोबत दुभाषे. २०१६ पासून तिने टोकियो सोडले: क्योतो, मग हिरोशिमा, सेंदाई, फुकुओका. आम्हांला येथे आपल्याकडची आठवण होते. आयटकचे पहिले अधिवेशन १९२० साली मुंबईत झाले आणि दुसरे, १९२१ साली, थेट झरियाच्या कोळसापट्ट्यात. १९३६ ची काँग्रेस खानदेशात फैजपूर या खेड्यात भरली. अधिवेशन ज्या गावी जाते, तिथे यजमान तयार होतात, आणि पुढची फळी त्या यजमानांतूनच निघते.

मात्सुएची गोष्ट थोडी निराळी. शिमाने हा जपानमधला अगदी विरळ वस्तीचा प्रांत. तरुण मोठ्या शहरांकडे जातात आणि म्हातारी माणसे मागे राहतात. कोकणातली घरे गिरण्यांनी कशी रिकामी केली, ते ठाऊक असलेल्यांना अधिक सांगणे नको. मात्सुमोतो त्याच गावी राहतात. तेव्हा २००६ साली नगरपालिकेने ठरविले की, रूबी हीच आपली पिकवण. स्टेशनाजवळ मंडळींना जमायला जागा दिली, आणि २००९ पासून तिथे दरवर्षी रूबी वर्ल्ड कॉन्फरन्स भरते. नगरपालिकेने असा विचार करावा, याचा आम्हांस हेवा वाटतो.

जपानबाहेरही वारे पोचले. २०१० मध्ये तैवान आणि भारत, २०११ मध्ये सिंगापूर. आपल्याकडची रूबीकॉन्फ इंडिया पहिल्यांदा बंगलोरला झाली, २०१२ साली पुण्यात आली, २०१४ साली गोव्यात. प्रत्येक ठिकाणी खटपट करणारे तिथलेच.

पण एका प्रश्नावर आमचे समाधान झालेले नाही. हे मेळावे म्हणजे संघटना नव्हेत. येथे पगाराची मागणी होत नाही, कोणी संप पुकारीत नाही. बिनपगारी श्रमांतून निघालेल्या भाषेवर मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. गिटहब रूबीवरच बांधले गेले. काही कंपन्यांनी परतफेड केली हे खरे. २०११ मध्ये हेरोकू या अमेरिकन कंपनीने मात्सुमोतोंना कामावर घेतले, आणि २०१७ मध्ये पाककृतींची वेबसाइट चालविणाऱ्या कुकपॅडने भाषेच्या कारागिरांना पूर्णवेळ पगार देऊन रूबीचेच काम करू दिले. परंतु हा राजाश्रय झाला, हक्क नव्हे. राजाची मर्जी फिरली की गवय्याने काय करायचे? रूबीच्या मंडळींनी भीड मोडण्याची जागा निर्माण केली आणि सभागृहाला प्रश्न विचारायला शिकविले. मजुरीचा प्रश्न अजून त्या सभागृहात उभा राहिलेला नाही.

२०२० ची परिषद मात्सुमोतो नावाच्या शहरात ठरली होती (कर्त्याच्या आडनावाशी त्याचे नुसते नामसाम्य). साथीमुळे ती रद्द झाली, आणि दोन वर्षे सारे पडद्यावरच उरकावे लागले. २०२२ मध्ये त्सू येथे माणसे पुन्हा समोरासमोर आली. आणि २०२३ मध्ये परिषद आधी हुकलेल्या त्या मात्सुमोतो शहरीच जाऊन भरली.