नारो गोविंद औटी यांचा दावा आणि राज्यकृत्याची मर्यादा

युद्ध केव्हा संपले, हा प्रश्न इतिहासकाराचा मानला जातो. परंतु एका मोठ्या रकमेचा दावा याच प्रश्नावर निकालात निघाला, ही गोष्ट मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांकडून सहसा उल्लेखिली जात नाही. दिवाणी न्यायालयाने एका राज्याच्या कृतीपुढे आपले कामकाज कोठवर चालवावे, हा विषय पुढे जगभर चर्चिला गेला. त्याचे एक मूळ पुण्यात आहे. प्रस्तुत टिपणात त्याचा विचार खानदेशच्या बाजूने करावयाचा आहे.

नारो गोविंद औटी हे दुसऱ्या बाजीरावांच्या पदरचे मातब्बर गृहस्थ. रायगडाचा कारभार त्यांच्याकडे होता. १० मे १८१८ रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला व औटी पुण्यास येऊन राहिले. जुलै १८१८ मध्ये कॅप्टन रॉबर्टसन याने त्यांच्या ताब्यातील द्रव्य पेशव्यांचे समजून जप्त केले. दख्खनचे कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे रॉबर्टसनचे वरिष्ठ होते. औटी यांच्या मृत्यूनंतर त्यांचे व्यवस्थापक हिराचंद बेदरीचंद यांनी, १८२३ च्या सनदेने स्थापन झालेल्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टात एल्फिन्स्टन व रॉबर्टसन यांच्यावर दावा लावला. कोर्टाने तो मान्य केला. १८३० साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मात्र निर्णय फिरविला. निकाल अवघ्या काही ओळींचा आहे. त्याचा आशय असा की, काळ, स्थळ व व्यक्ती यांचा विचार करता ही शत्रूची जप्ती होय. युद्ध भडकलेले नसले तरी ते अद्याप शमलेले नव्हते. म्हणून देशातील न्यायालयास येथे अधिकार नाही. काही गैर घडले असेल तर दाद सरकारकडेच मागावी.

वादीच्या बाजूचे म्हणणे दुबळे नव्हते. पुणे नोव्हेंबर १८१७ मध्येच इंग्रजांच्या हाती आले होते व तेथे नवी व्यवस्था सुरू झाली होती. बाजीरावही ३ जून १८१८ रोजी माल्कमच्या स्वाधीन झाले होते. मग जुलैमध्ये युद्ध होते कोठे?

याचे उत्तर खानदेशात सापडते. तापीकाठच्या थाळनेरचा किल्ला फेब्रुवारी १८१८ मध्ये पडला व तेथील किल्लेदारास फाशी देण्यात आली. मालेगावच्या अरबांनी जूनच्या मध्यापर्यंत झुंज दिली. अमळनेर तर नोव्हेंबर १८१८ मध्ये हाती आले आणि अशीरगड एप्रिल १८१९ मध्ये. म्हणजे पुण्यातील वाड्यावर जप्ती आली तेव्हा खानदेशात शस्त्रे खाली ठेवली गेली नव्हती. कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यात राहून कारभार बसवू लागला तो याच अस्थिर काळात. देवपुरातून पांझरेपलीकडच्या जुन्या धुळ्याकडे पाहताना हे ध्यानी येते की, ‘अद्याप न शमलेले युद्ध’ हा शब्दप्रयोग केवळ वकिली युक्ती नव्हती. तथापि अमळनेरचे युद्ध पुण्यातील सावकारी पेटीला लागू करावे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. प्रिव्ही कौन्सिलने स्थळाचा विचार केल्याचे म्हटले. तो कसा केला हे सांगितले नाही.

तंजावरच्या मराठी राजघराण्याच्या वाट्यास हाच अनुभव आला. १८५५ साली राजे शिवाजी निपुत्रिक वारले. कंपनीने राज्याबरोबर खाजगी मिळकतही घेतली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा जिंकला. १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने तोही फिरविला. कृती न्याय्य असो वा अन्याय्य, न्यायालयास त्यावर मत देता येत नाही, असे ठरले. पुढे १८६२ साली सरकारनेच खाजगी मिळकत परत केली. जे हक्काने मिळाले नाही ते कृपेने मिळाले. दोहोंतील अंतर अभ्यासकाने नीट जोखावे.

वरील दोन्ही प्रकरणे स्वराज्यकर्त्यांच्या कृतीची आहेत. परराज्यांच्या कृतीबाबतही हाच विचार पुढे लागू झाला. १९८१ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने इराणच्या आखातातील तेलक्षेत्राच्या वादात कामकाजच स्थगित केले. शारजा, उम्म अल् कैवैन व इराण यांच्या सागरी हद्दींचा निवाडा करण्यास न्यायालयापाशी मापदंड नाही, हे त्याचे कारण. त्याच वर्षी गोव्यातील खाणींच्या एका प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पोर्तुगीज राजवटीतील हक्क नव्या सार्वभौमाने मान्य केल्यावाचून बजावता येत नाहीत.

परराज्यावर दावा लावण्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८६ व्या कलमान्वये केंद्र सरकारची संमती लागते. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही संमती मनमानीने नाकारता येणार नाही, कारणे द्यावी लागतील, असे सांगितले. १८३० चा निकाल व १९८६ चा निकाल यांतील खरा फरक येथे आहे. दोन्ही ठिकाणी वादीस सरकारच्या दारी जावे लागते. परंतु पहिल्या प्रसंगी दार उघडावयाचे की नाही याचे कारण कोणी कोणास देणे लागत नव्हते.

न्यायालयाने हात आखडता घेतला म्हणून हक्क खोटा ठरत नाही. औटी यांचे द्रव्य पेशव्यांचे होते की स्वतःचे, या प्रश्नावर प्रिव्ही कौन्सिलने काहीच ठरविले नाही. तो प्रश्न न्यायालयाने सोडून दिला. इतिहासकाराने तो सोडून देण्याचे कारण नाही.