धर्मपीठांची टांकसाळ

मध्ययुगीन जर्मनीत टांकसाळ ही केवळ राजाची मिरास नव्हती. सम्राट ऑटो पहिला याने ९६५ साली माग्डेबुर्गच्या सेंट मॉरिस मठाला बाजार, जकात व नाणी पाडण्याचा हक्क दिला. ९९४ मध्ये ऑटो तिसऱ्याने क्वेडलिनबुर्गच्या स्त्रीमठालाही तो दिला. त्यामुळे बाराव्या शतकातील तेथील नाण्यांवर हाती पुस्तक घेऊन आसनस्थ झालेल्या मठाधिपती स्त्रिया दिसतात. राज्य करणाऱ्या स्त्रीची अशी निःसंकोच मुद्रा त्या काळी इतरत्र विरळाच.

ही नाणी, म्हणजे ब्राक्टियाट, साधारण ११३० पासून थुरिंगिया-सॅक्सनीत पडू लागली. चांदीचा पत्रा इतका पातळ, की मऊ बैठकीवर ठेवून वरून एकच ठसा मारायचा. मागे तेच चित्र खोलगट उमटे. वजन ग्रॅमभरही नसे. त्यांच्या सौंदर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते यथार्थच आहे. पण हा पत्रा टिकावा अशी कोणाची अपेक्षाच नव्हती, हे आम्हांस अधिक बोलके वाटते.

कारण नाणी ठरावीक मुदतीने रद्द होत. माग्डेबुर्गचा आर्चबिशप विखमान (कारकीर्द ११५२–११९२) याने तर ती वर्षातून दोनदा बदलली. अनेक ठिकाणी बारा जुन्या फेनिगना नऊ नवे मिळत. आपल्या इतिहासातला शब्द वापरायचा तर ही चौथाईच, फक्त ती बट्ट्याच्या रूपाने वसूल होई.

विसाव्या शतकात सिल्व्हिओ गेझेलच्या अनुयायांनी या पद्धतीची भलावण केली: पैसा साठवता येत नाही म्हणून तो फिरतो, आणि फिरतो म्हणून समृद्धी येते. आम्हांस हे पटत नाही. मोठे व्यवहार तोलून दिलेल्या चांदीच्या लगडींत होत. त्यांना बट्टा लागत नसे. तो लागे बाजारात अंडी-धान्य विकून चार फेनिग गाठीला बांधणाऱ्याला.

शहरे अर्थातच गप्प बसली नाहीत. कोलोनमध्ये आर्चबिशप कोनराड आणि नागरिक यांचा नाण्यांवरून तंटा जुंपला. १२५२ साली तत्त्ववेत्ता आल्बर्टुस माग्नुस लवादात बसला. निवाडा असा झाला: नवे नाणे दोनच प्रसंगी पाडावे, नवा आर्चबिशप निवडला जाऊन कायम झाल्यावर, किंवा तो सम्राटासोबत इटलीच्या मोहिमेवरून परतल्यावर.